थंडीत बर्फ नेणारी बाई

सदतीस वर्षं मी सरकारी नर्सबाई होते. त्यातली निदान तीस वर्षं नव्याने लागलेल्या पोरींना एकच गोष्ट घसा कोरडा होईस्तोवर शिकवली. काही औषधं उन्हाने मरतात, काही बर्फाने मरतात, आणि बर्फाने मेलेलं औषध चटकन ओळखू येत नाही, म्हणून त्याला जास्त जपायचं. एवढी शिकवण देऊन, निरोपाचा नारळ घेऊन, दोन नातवंडांची आजी झाल्यावर मी काय केलं? एका दहा वर्षांच्या पोरीचं इन्सुलिन बर्फात घालून गोठवलं. तेही माघातल्या थंडीत, जेव्हा ते नुसतं फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं असतं तरी सुखरूप पोचलं असतं. ही कबुली आधीच देऊन ठेवते. पुढे मी मोटरसायकलच्या बढाया मारायला लागले की तुम्हाला किती मान डोलवायची याचा अंदाज येईल.

बढाई मात्र मारणारच. माझं माहेर बाभुळगाव, सासर दिग्रस. नवरा जिनिंगमध्ये फिटर. मला पहिली नेमणूक मिळाली तेव्हा पाच गावं पायी करावी लागायची. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि तीही तिच्या मर्जीने. चोविसाव्या वर्षी मी जाहीर केलं की मी यांची मोटरसायकल शिकणार. त्या वेळची मी म्हणजे अंगात बळ चिमूटभर आणि तोरा पोतंभर. कापूस बाजाराच्या मोकळ्या मैदानात आमची शिकवणी. यांनी क्लच दाखवला, गिअर दाखवला आणि म्हणाले, ''ब्रेक सांगतो, आधी खाली उतर.'' उतरते कशाला! मी निघालेच. मैदानाला सात फेऱ्या मारल्या, कारण थांबवायची कशी ते ठाऊक नव्हतं. हे मागून धावताहेत, कापूस घेऊन आलेले गाडीवान आपापली बैलं धरून उभे. आठव्या फेरीला मी सरकीच्या ढिगात शिरले. बाहेर आले तेव्हा केसांत सरकी, पदरात सरकी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, ''इथीच थांबाचं होतं मले!''

त्यानंतर नोकरीभर गाडी चालवली. नर्सबाईचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नुसतं सुया टोचण्याचं नसतं. पाच-सहा गावांतली प्रत्येक गरोदर बाई, प्रत्येक तान्हं मूल, प्रत्येक खोकणारा म्हातारा कुठल्या घरात आहे हे डोक्यात ठेवायचं आणि त्याच्या दारात जायचं. निम्मं काम म्हणजे पोचणं. पोचली ती नर्स, बाकीच्या नुसत्या पगारी. हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्यांदा म्हटलंय की बाकीच्या पोरी माझ्याआधी ते पुरं करायच्या.

हे गेले तेव्हा त्यांची शेवटची गाडी माझ्याकडे राहिली. मी लेकाकडे झरी जामणीच्या बाजूला राहायला आले, गाडीही आली. आठवड्यातून एकदा पुसायची, एकदा चालू करून बघायची. बस.

मग कोरोना आला. त्याचा पहिला उन्हाळा मी घरात काढला. दुसऱ्या वर्षी लोक जरा सैल झाले, लग्नाच्या तारखा काढायला लागले, आणि थंडी सरायच्या आत आपल्या जिल्ह्यात पुन्हा बंद लागला. एसटी उभी, काळी-पिवळी उभी, आठवडी बाजार बंद. आमच्या गावातल्या आरोग्य केंद्राची निम्मी माणसं आजारी आणि निम्मी तपासणीच्या ड्युटीवर. तिथली डॉक्टर म्हणजे अठ्ठावीस वर्षांची पोरगी. ती अंगणातच उभी राहून म्हणाली, ''मावशी, बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या पडून आहेत. गावोगाव पोचवायला माणूस नाही. एखादा भरवशाचा गाडीवाला सुचवा ना.''

मी म्हटलं, ''सुचवते. सकाळी सातला हजर होईल.''

सुनेने ते आतून ऐकलं. संध्याकाळी गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. मी सरळ तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घातला आणि किल्ली काढली. अहो, या घरात वस्तू डाळीच्या डब्यात लपवायची असते हे तिला शिकवलं कोणी?

सून म्हणाली, ''आई, तुमचं वय काय, थंडी काय, रोग काय!''

''वय गाडीला आहे गं. मी तर नुसती बसते तिच्यावर.''

थंडीतली मोटरसायकल हा एक वेगळाच प्रकार आहे. आधी तर गाडी उठत नाही. चोक ओढायचा, दहा किका मारायच्या, तोपर्यंत आपलं अंग तापतं आणि गाडी थंडच. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं, हा यांचा शोध. हातमोजे नव्हते म्हणून मी लेकाचे लोकरीचे पायमोजे हातात चढवले. त्यांतून ब्रेकची दांडी नीट पकडता येईना, तेव्हा दोन-दोन बोटांची भोकं पाडली. लेकाला ते महिन्याभराने कळलं. हरभऱ्यावर दव, नाल्यावर धुकं, आणि जंगलाच्या रस्त्यावर सागाची सुपाएवढी पानं ओली होऊन पडलेली. त्यांच्यावर चाक गेलं की गाडी केळीच्या सालावरून जावी तशी जाते. गुडघे असे गारठायचे की उतरल्यावर चार पावलं मी नवरीसारखी चालायचे.

गिऱ्हाइकंही एकेक. एक पेन्शनर गुरुजी होते, बीपीचे. गोळ्या घेतल्या की हळूच म्हणायचे, ''बाई, येताना केस काळे करायचं पाकीट मिळालं तर बघा.''

''गुरुजी, सगळं बंद आहे. पाहणार कोण तुम्हाला?''

''आरसा कुठं बंद आहे?''

दुसरी एक म्हातारी होती, गुडघेदुखीची. तिला मलम नकोच असायचं. मला सहा हात लांब बाजेवर बसवायची आणि म्हणायची, ''औषिध ठेव तिकडे. आधी सांग, कोन कोन भांडलं?'' चार गावांतली भांडणं सांगितली की तिचा गुडघा दुखायचा थांबायचा. मी दोन भांडणं पदरचीही घातली आहेत. औषधच होतं ते.

आणि मग सोनाबाई. खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचं होतं, पण मी सुरुवातीपासून स्वतःबद्दलच बोलतेय. खोड जुनी आहे.

सोनाबाई कोलाम आदिवासींच्या पोडावरची. पोड म्हणजे त्यांची जंगलातली लहानशी वस्ती. आमच्या गावापासून हे पोड तीस किलोमीटर, शेवटचे सहा निव्वळ दगडगोटे. नवरा वनखात्याच्या कामावर रोपवनात, महिना-महिना बाहेर. तिची मुलगी रेणुका, दहा वर्षांची. पोरीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते रोज दोनदा बाहेरून टोचावं लागतं. गोळीने भागत नाही, पथ्याने भागत नाही, उद्यावर ढकलून चालत नाही. आजार कळला त्या वर्षी एकदा औषध संपलं आणि दीड दिवस मिळालं नाही, तर पोरगी बेशुद्ध होऊन यवतमाळला गेली होती. तिथून परत आणताना डॉक्टरने सोनाबाईला एका दुपारी सगळं शिकवलं. एकाच दुपारी.

सोनाबाईला अक्षर येत नाही. ती दुपार मात्र तिने जशीच्या तशी ठेवली. घरात फ्रीज नाही, म्हणून औषधाची शिशी मडक्यात, मडकं ओल्या रेतीत, रेती सावलीत. सुई रोज एकाच जागी टोचली तर तिथं गाठ येते, म्हणून जागा बदलत राहावी लागते. ते लक्षात कसं ठेवायचं? सोनाबाईने वारांना आठवडी बाजार होतेच, तेच जागांना जोडले. ज्या दिवशी पाटणचा बाजार त्या दिवशी उजवी मांडी, मुकुटबनचा बाजार त्या दिवशी डावी, ज्या दिवशी कुठलाच बाजार नाही त्या दिवशी पोट. बंदात सगळे बाजार उठले, पण रेणुकाच्या अंगावर ते ज्या त्या वारी भरत होते. मी डॉक्टरांचे चार्ट पाहिलेत, तक्ते पाहिलेत. याच्याइतका पक्का एकही नाही पाहिला.

माघातल्या एका आठवड्यात पोडाकडच्या आशा सेविकेने निरोप पाठवला की रेणुकाची शिशी उद्या सकाळपुरतीच आहे. डॉक्टर पोरीने यवतमाळहून येणाऱ्या गाडीतून दोन शिश्या मागवून घेतल्या. माझ्या हातात देताना म्हणाली, ''मावशी, या दोनच आहेत.''

आता माझा शहाणपणा ऐका. आमचा लशीचा एक निळा डबा असतो. त्यात बर्फाच्या चपट्या बाटल्या चारी बाजूंनी लावायच्या आणि मध्ये औषध ठेवायचं. पण त्या बाटल्या डीप फ्रीझरमधून काढल्या की लगेच डब्यात घालत नाहीत. ओट्यावर मांडून ठेवायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा. कानाशी धरून हलवली की आत पाणी डुचमळलं पाहिजे. मग ती औषधाला मारत नाही. उन्हाळ्यात हे लवकर होतं. थंडीत तास-तास लागतो. मी पाच मिनिटं थांबले. हात गारठले होते, गाडी एकदाची चालू झाली होती आणि ती बंद करायची माझी छाती नव्हती. मनात म्हटलं, एवढ्याने काय होतं! खरं तर त्या सकाळी बर्फाची गरजच नव्हती, सगळा जिल्हाच बर्फाचा डबा झाला होता. पण डबा खांद्याला नसला तर मी नर्स कसली? चोविसाव्या वर्षी ब्रेक न शिकता निघालेली जी पोरगी होती, ती माझ्यातून गेली असं मी समजत होते. कुठली जाते!

नऊच्या सुमाराला पोडावर पोचले. सोनाबाईने सकाळचं, शेवटचं औषध टोचून शिशी धुऊन पालथी घातली होती. पुढचं औषध संध्याकाळी सातला. मी मोठ्या रुबाबात डबा उघडला. दोन्ही शिश्या बर्फाला चिकटलेल्या. ओढून काढल्या.

सोनाबाईने एक हातात घेतली. ''बाई, हे कडक लागून राह्यलं.''

''थंडी आहे ना. हातात धर, होतं नीट.''

तिने दोन्ही तळव्यांमध्ये धरली आणि हळूहळू वळली, जशी रोज वळते तशी. हे औषध दुधी असतं, वळलं की सारखं होतं. थोड्या वेळाने तिने शिशी उन्हात धरली. आत कण तरंगत होते, काचेला पांढरा थर बसला होता.

''बाई, हे फाटलं.''

''काय फाटलं?''

''दुधावानी. पाहा ना, काचेले चिकटलं.''

मी पाहिलं. पाहताक्षणी मला कळलं. आणि कळल्यावरही मी काय केलं? मी म्हणाले, ''अगं, एवढं चालतं. हलवून टोच. सदतीस वर्षं नोकरी केली मी.''

तिने शिशी माझ्या हातात परत ठेवली. ''असन. पन तुमच्या सदतीस सालाचं मी काय करू? यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं हाय, फाटलं त टोचाचं नाही. मी नाही टोचत माह्या पोरीले.''

आवाज चढला नव्हता. पोडावरच्या चार बाया भोवती उभ्या होत्या. आयुष्यात मला पुष्कळांनी उलट उत्तरं दिलीत, साहेबांनी, सरपंचांनी. पण कोणी इतकं बरोबर उत्तर दिलं नव्हतं. मी खाली बसले आणि म्हणाले, ''तुझं खरं आहे, सोना. मीच गोठवलं.''

पोडावर फोनला रेंज नाही. मागच्या टेकाडावर चढून मी डॉक्टर पोरीला फोन लावला.

''दोन्ही?'' ती म्हणाली.

''दोन्ही.''

''कशामुळं?''

''माझ्यामुळं.''

ती म्हणाली, ''थांबा, बघते.'' दहा मिनिटांनी तिचा फोन आला. पांढरकवड्याला तेच औषध एक शिशी होतं. औषधवाल्याला तिने दोनपर्यंत थांबायला सांगितलं होतं. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर, आणि सातच्या आत परत पोडावर.

मी टेकाडावरून उतरून किक मारायला गेले, तर सोनाबाई गाडीपाशी लुगडं खोचून उभी.

''मी येतो.''

''तू कशाला? पोरीजवळ थांब.''

''पोरीजवळ मामी हाय. शिशी मी पाहीन. आता तुमाले एकटं नाही सोडत.''

जन्मात ती मोटरसायकलवर बसली नव्हती. दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि माझा स्वेटर दोन मुठींत असा धरला की छातीवरचं वर्तमानपत्र चुरगळलं. दगडगोट्यांचा रस्ता सरला आणि सागाच्या सावलीतल्या उतारावर ओल्या पानांनी गाडी घसरली. पडलो नाही, पण चाक नालीच्या काठाशी जाऊन थांबलं. मी तसंच बसून होते, डोळ्यांपुढे सात वाजलेले. सोनाबाई उतरली, उताराच्या शेवटापर्यंत पायाने पानं बाजूला सारत गेली, वाट मोकळी केली आणि खालून हाक मारली, ''या आता, बाई!'' मी गेले. ती परत मागे बसली.

पुढे नाक्यावर पोलीस. तरणा पोरगा, मास्क हनुवटीवर.

''ओ आजी! थांबा, थांबा. गाडीवाला कुठं गेला?''

''हा काय, मीच.''

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी आरोग्य केंद्राचा पास दाखवला. ''पास एकट्याचा हाय. डबल शीट बंद हाय, माहीत नाही का? या मावशीले उतरवा.''

मी औषध, पोरगी, सात वाजणं सगळं सांगू लागले, तोवर सोनाबाई उतरलीसुद्धा. लाकडी फळीच्या बाजूने चालत पलीकडे गेली, वीस पावलं पुढे जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली, ''बाई, या इकडे! इथी कोनी पोलीस नाही!''

पोरगा हसू दाबायला मास्क वर ओढू लागला. ''जा आजी, जा लवकर. अन् येताना बी ह्याच रस्त्यानं या, मी पाचपर्यंत हावो इथी.''

पांढरकवड्याला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. औषधवाल्याने खिडकीतून शिशी सरकवली. सोनाबाईने ती उजेडाकडे धरली, तळव्यांत वळली, पुन्हा उजेडाकडे धरली. तो वैतागला. ''ओ बाई, काय बघताय? नवीन आहे ती.''

''नवीन त सकाळची बी होती,'' सोनाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून मान हलवली. ''हे बरोबर हाय.''

''बर्फ देऊ का सोबत?'' त्याने विचारलं.

''नको!'' आम्ही दोघी एकदमच ओरडलो. बिचारा मागे सरकला.

दुपारचं ऊन चढलं होतं म्हणून सोनाबाईने नळावर फडकं भिजवून पिळलं, शिशी त्यात गुंडाळली आणि पोलक्याच्या आत न ठेवता मुद्दाम पदराच्या टोकात बांधून सावलीच्या बाजूला धरली. ''आंगाची गर्मी लागते,'' म्हणाली. वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावून फडकं नाल्यावर ओलं केलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनेच काढलं होतं. मी पुढे बसून गाडी चालवत होते, पण त्या दिवशी नर्स मागे बसली होती.

पोडावर आलो तेव्हा ऊन कलंडलं होतं, सहा वाजायचे होते. रेणुका ओट्यावर बसून होती, पाय हलवत. आईला गाडीवरून उतरताना पाहून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती. सोनाबाईने हात धुतले, भाकरी टाकून घेतल्या, आणि पोरीचं जेवण समोर तयार झाल्यावर शिशी वळून सुई भरली. त्या दिवशी कुठलाच बाजार नव्हता. पोटाला चिमटा घेतला, सुई टोचली, दहा आकडे मोजून काढली. मी सदतीस वर्षांत किती हजार सुया टोचल्या असतील, पण त्या सुईकडे मी शिकाऊ पोरीसारखी बघत होते.

रेणुका जेवायला बसली. मला निघायला हवं होतं, सुनेने एव्हाना गावभर चौकशी केली असणार. पण पाय उचलेना. मी म्हणाले, ''सोना, सकाळी मला दिसलं होतं. तरी मी तुला दटावलं. आणि त्यानंतर दिवसभर इतकी भ्याले मी, तुला दाखवलं नाही इतकंच.''

सोनाबाई शिशी मडक्यात ठेवत होती. रेती सारखी केली, वर ओलं फडकं घातलं. मागे वळून न बघताच म्हणाली, ''दोन साल झाले बाई, दिसातून दोनदा टोचतो मी तिले, अन् दर खेपेले माहा हात भेते. तुमी एक दिस भेल्या, त कायले एवढं मनाले लावता?''